सांगलीला परत येतोयस ना, मग हे वाच

पहिले पंधरा दिवस घर लावणं, बँक, गॅस हे सगळं राहू दे बाजूला, आधी एकेकाच्या घरी जाऊन ये. मी दुबईवरून आलो तेव्हा सगळ्यांना एकदम हॉटेलात जेवायला बोलावलं आणि तिथंच चुकलं, काकू तर आलीच नाही. नंतर फोन न करता संध्याकाळी तिच्या घरी गेलो, तिनं पेपरवर भडंग ओतलं, कांदा चिरला, आणि मग कुठं बोलणं सुरू झालं.

आणि एक, २०१९ च्या पुराचं आवर्जून विचार. कृष्णा नदीवरच्या इर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा पाणी ५७ च्या वर गेलं होतं, आपण तिकडं बसून मोबाईलवर व्हिडिओ बघत होतो रे. काकूनं मला भिंतीवरची पाण्याची खूण दाखवली, पार खिडकीच्या वर, लग्नाचे फोटो त्यातच गेले. मी नुसतं ऐकलं. तू पण तेच कर, मध्येच "मी पैसे पाठवले होते" असं अजिबात काढू नको.

गिफ्टचं फार टेन्शन घेऊ नको, पण मुलांना घेऊन जा, आणि त्यांना मराठीतच बोलू दे, मोडकं तर मोडकं.