कोल्हापुरात राहून फ्रीलान्स लेखकाला वरकमाई कशी करता येईल?

नुसत्या लेखांच्या मानधनावर भागत नाही, हे खरंय. पण गिऱ्हाईक पुण्या-मुंबईतच कशाला शोधायचं? उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात फिरा. माल झकास, माहितीपत्रक मात्र वाचवत नाही. ते लिहून द्या.

माझं पहिलं काम चप्पल लाईनीतल्या एका दुकानाचं. ऑनलाइन विक्रीसाठी प्रत्येक जोडाखाली चार ओळी: कातडं कुठलं, वेणी कशी, पावसात का घालू नये. जोडामागे 50 रुपये, वर एक कापशी घाटाचा कोल्हापुरी जोड!

भाषांतर, सबटायटल्सही चालतात. दिवाळी अंकांवर भिस्त नको. माझे पैसे एकदा पुढच्या दिवाळीला आले. निम्मे पैसे आधी घ्या. कंपनीनं 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापला आणि तुम्हाला कर बसत नसेल, तर आयकर रिटर्न भरून ते पैसे परत मिळतात.