त्यांचा घटस्फोट, तुमचे हप्ते आणि लग्नाशिवायचं घर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. चार वर्षं तुम्ही आणि तुमचे जोडीदार कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये एकत्र राहताय, लग्न केलेलं नाही. त्यांचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे, तुम्ही शिरोली एमआयडीसीत नोकरी करता. फ्लॅट आणि त्यावरचं कर्ज दोन्ही त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे आणि निम्मा हप्ता म्हणून तुम्ही दरमहा १४ हजार त्यांच्या खात्यावर टाकता. पहिल्या बायकोशी त्यांची घटस्फोटाची केस ‘अजून चालू आहे’. आणि तुम्ही विचारलंय की इतकी वर्षं झाल्यावर कायदा मला बायकोच धरतो ना?

नाही धरत. ‘अमुक वर्षं एकत्र राहिलं की आपोआप बायकोचे हक्क मिळतात’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं, पण आपल्याकडे तसा कायदा नाही. तुमच्या बाबतीत तर खरी अडचण वर्षांची नाहीच, चालू असलेल्या केसची आहे. मी कोल्हापुरात बरीच वर्षं कौटुंबिक आणि दिवाणी कामं बघते. हा मुद्दा लोक नेमका सगळ्यात शेवटी, उठता उठता सांगतात.

सोसायटीचे सेक्रेटरी ‘पोलिसांत देतो’ म्हणाले, त्याचं उत्तर पटकन देऊन टाकते. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये अभिनेत्री खुशबू यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलंय. व्यभिचाराचं कलम ४९७ देखील २०१८ मध्ये रद्द झालं, त्यामुळे त्यांची बायकोही त्या कारणावरून कुणाला आत टाकू शकत नाही. घटस्फोटाच्या केसमध्ये मात्र ती हे कारण म्हणून मांडू शकते. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि उत्तराखंडात लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची झाली म्हणून तुम्ही घाबरला असाल, तर तो नियम महाराष्ट्रात नाही.

आता हक्कांकडे. लग्न न झालेल्या बाईला आधार देणारा मुख्य कायदा म्हणजे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. त्यात बायको तर येतेच, शिवाय ‘लग्नासारख्या नात्यात’ राहणारी स्त्रीही येते. मारहाण, शिवीगाळ, घराबाहेर काढणं, पैसे अडवून धरणं, हे सगळं त्यात हिंसाचार धरलं जातं. घरात राहू देण्याचा आदेश, दरमहा खर्च, नुकसानभरपाई, सगळं मागता येतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १२५ ची पोटगी, म्हणजे आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम १४४, तिथे मात्र ‘पत्नी’ लागते आणि लिव्ह-इनवाल्या बाईची तिथे दमछाक होते. म्हणून वकील आधी हिंसाचाराच्या कायद्याचाच रस्ता धरतात.

पण ‘लग्नासारखं’ कशाला म्हणायचं? २०१० च्या वेलुसामी निकालात सुप्रीम कोर्टाने कसोट्या सांगितल्या. दोघं लग्नाच्या वयाची हवीत, लग्न करायला कायद्याने मोकळी हवीत, एकाच घरात बराच काळ राजीखुशीने राहिलेली हवीत आणि समाजात नवरा-बायको म्हणून वावरलेली हवीत. शनिवार-रविवारपुरतं भेटणं यात बसत नाही, हेही तिथेच म्हटलंय.

यातली शेवटची कसोटी आपल्या गावात लोकांना सगळ्यात जास्त गोत्यात आणते. ‘आम्ही विचार करून लग्न केलेलं नाही’ असं उघड सांगणारं जोडपं इथे कमी पडतं आणि शेजाऱ्यांना ‘आम्ही मिस्टर-मिसेस’ म्हणून थाप मारलेलं जोडपं तरून जातं. मला हे पटत नाही, पण निकाल तसेच आहेत. आणि तिसरा प्रकार, म्हणजे सगळंच लपवणारे, त्यांच्या हाती काहीच लागत नाही. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय लग्नांना कायद्याचा आधार दिला ते हे गाव, पण भाड्याने खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न आजही ‘मिस्टर काय करतात?’ हाच. म्हणून लोक लपवतात.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. नऊ वर्षं एका माणसाबरोबर संसार केलेला, दोघंही अविवाहित, म्हणजे केस तशी चांगली. कापडाच्या पिशवीतून त्यांनी एकेक वस्तू टेबलावर काढली. गॅसचं कार्ड, फ्रिजच्या हप्त्यांच्या पावत्या, ‘श्री. व सौ.’ लिहिलेल्या दोन लग्नपत्रिका, भिशीची वही, दवाखान्याच्या फॉर्मची झेरॉक्स ज्यावर नात्यापुढे त्याने स्वतःच्या अक्षरात ‘पती’ लिहिलेलं. मी मनात म्हटलं, झालं काम. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी एकच कागद काढला, पहिल्या घराचा भाडेकरार. त्यात बाईंच्या नावापुढे ‘मावसबहीण’ असं होतं. घरमालक तयार होईना म्हणून दोघांनी मिळून लिहिलेलं. त्यानंतर तासभर फक्त त्या एका शब्दावर प्रश्न चालले. शेवटी भिशीतल्या दोन बायका साक्षीला उभ्या राहिल्या आणि प्रकरण तडजोडीत मिटलं, पण जे मिळायला हवं होतं त्याच्या निम्मंही हाती आलं नाही.

तुमच्या प्रकरणात ‘लग्न करायला कायद्याने मोकळी’ ही कसोटीच अडते. त्यांचा घटस्फोट होईपर्यंत ते विवाहितच आहेत. इंद्रा सर्मा प्रकरणात, २०१३ मध्ये, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की माणूस विवाहित आहे हे माहीत असताना जी बाई त्याच्याबरोबर राहिली, तिचं नातं ‘लग्नासारखं’ धरता येत नाही. त्या दोघांचं एकत्र राहणं थोडथोडकं नव्हतं, तरीही. अशा बायकांसाठी संसदेने काहीतरी करायला हवं असं त्याच निकालात न्यायाधीशांनी लिहिलं, पण तसा कायदा अजून आलेला नाही. पहिलं लग्न लपवून, फसवून बाईशी लग्न केलं असेल तर गोष्ट वेगळी. बादशाह विरुद्ध उर्मिला गोडसे हे आपल्या महाराष्ट्रातलंच प्रकरण, त्यात अशा बाईला पोटगी मिळाली. तुम्हाला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तुम्हीच तसं लिहिलंय.

आता थोडं कडू बोलते. एकत्र राहण्याचे जे पुरावे तुम्हाला उद्या उपयोगी पडतील, तेच आज त्यांच्या घटस्फोटाच्या केसमध्ये त्यांच्या विरोधात जातात. त्यामुळे ‘आधारवर पत्ता बदलू नको, सोसायटीच्या कागदावर तुझं नाव नको, एकत्र फोटो टाकू नको’ हे जे ते म्हणतात, ते वाईट हेतूनेच असेल असं नाही. कदाचित त्यांच्या वकिलांनीच तसं सांगितलं असेल आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण या एका बाबतीत तुमचं हित आणि त्यांचं हित दोन वेगळ्या दिशांना आहे. केस संपेपर्यंत नात्याच्या जोरावर हक्क मागायचा विचार बाजूला ठेवा आणि पैशांचे कागद नीट करा. पैशांच्या कागदाला नातं लागत नाही.

हप्त्यांचंच बघू. वर्षाचे १ लाख ६८ हजार, चार वर्षांचे ६ लाख ७२ हजार. फ्लॅट त्यांच्या नावावर असताना ‘निम्मे पैसे माझे, म्हणून निम्मा फ्लॅट माझा’ असा दावा लावलात तर समोरचा वकील सगळ्यात आधी बेनामी व्यवहाराचा, म्हणजे पैसे एकाचे आणि मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर अशा व्यवहाराला बंदी घालणारा कायदा पुढे करणार. त्या कायद्यात नवरा-बायको आणि मुलं यांना सूट आहे, लिव्ह-इन जोडीदाराला नाही. मग उरतं काय? दिलेले पैसे हातउसने म्हणून परत मागणं. त्याला मुदत ३ वर्षांची, आणि प्रत्येक रकमेची मुदत ती दिल्या दिवसापासून वेगळी मोजली जाते. म्हणजे पहिल्या वर्षात दिलेले पैसे आजच मुदतीबाहेर गेलेत आणि दर महिन्याला आणखी एक हप्ता जातोय.

यावर उपाय आहे. ‘अमुक तारखेपासून आजपर्यंत इतकी रक्कम मी हिच्याकडून उसनी घेतली आहे आणि ती परत करीन’ असं त्यांनी लिहून, सही करून दिलं, तर मुदत गेलेल्या रकमेलाही जीव येतो. करार कायद्याच्या कलम २५ मध्ये तशी सोय आहे. सोबत बँकेचा उतारा जोडा. ते कां-कूं करतील तर त्यांना आयकराची गोष्ट सांगा. नातेवाईक नसलेल्या माणसाकडून वर्षाला ५० हजारांच्या वर पैसे फुकट मिळाले तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते, आणि लिव्ह-इन जोडीदार त्या कायद्याच्या लेखी नातेवाईक नाही. खरोखर उसने असतील तर तसा कागद असणं त्यांच्याही सोयीचं आहे. आणि यापुढे पैसे टाकताना शेऱ्यात नुसतं ‘घरखर्च’ लिहू नका.

खरोखर निम्मी मालकी हवी असेल तर बँकेची संमती घेऊन निम्म्या हिश्श्याचं खरेदीखत, तेही दुय्यम निबंधकाकडे नोंदवून. मुद्रांक शुल्क पूर्ण भरावं लागेल. नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपयेच लागतं. ती सवलत तुम्हाला मिळणार नाही.

या सगळ्यापेक्षा तातडीचं एक काम आहे. देव न करो, पण उद्या त्यांना काही झालं आणि मृत्युपत्र नसेल, तर तो फ्लॅट कायद्याने जिच्याशी केस चालू आहे ती बायको, मुलं असतील तर ती आणि तुमच्या जोडीदाराची आई यांच्याकडे जाईल. तुम्ही त्या यादीत कुठेच नाही. तुम्हाला राहत्या घरातून निघावं लागेल आणि वर दिलेल्या पैशांसाठी त्यांच्या वारसांवर दावा लावत बसावं लागेल. फ्लॅट त्यांच्या स्वतःच्या कमाईचा आहे, तेव्हा मृत्युपत्राने तो ते कुणालाही देऊ शकतात. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्याच, आणि तुम्ही स्वतः साक्षीदार होऊ नका. ‘सोसायटीत तुला नॉमिनी लावतो’ म्हणाले तर त्यावर विसंबू नका. नॉमिनी लावला म्हणून वारसांचा हक्क बुडत नाही.

तुमच्या पीएफचंही तपासा. तुम्ही त्यांना नॉमिनी लावलंय म्हणालात. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर पीएफच्या नियमांत ते तुमचं ‘कुटुंब’ होतात, आणि कुटुंब असताना बाहेरच्या माणसाचं नामनिर्देशन चालत नाही.

दवाखान्यात उपचारांची संमती कोण देणार, हे तुम्ही विचारलंय. शुद्धीत असलेल्या रुग्णाची संमती तोच देतो, त्यामुळे एरवी फार अडत नाही. बरं न होणाऱ्या शेवटच्या आजारात उपचार कुठपर्यंत चालू ठेवायचे, यासाठी आधीच लिहून ठेवता येतं आणि आपल्या वतीने कुणी बोलायचं त्याचं नावही त्यात घालता येतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागतं.

मूल झालं तर? बापाकडून खर्च मागण्याचा मुलाचा हक्क पक्का आहे, आई-बापाचं लग्न झालेलं असो वा नसो. पालक म्हणून पहिला हक्क आईचा. वारसाहक्काच्या बाबतीत मात्र पेपरातल्या मथळ्यांवर जाऊ नका. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलाला हिस्सा दिला, तो आई-बापाच्या दीर्घ सहवासावरून त्यांचं लग्न झालेलंच होतं असं मानून. बापाची कायदेशीर बायको हयात असताना असं मानायला जागा राहत नाही. त्यामुळे तुमच्या स्थितीत मुलाचंही मृत्युपत्रावरच येऊन थांबतं.

माझं मत विचाराल तर, लग्न न करण्याचं कारण तत्त्वाचं नसून निव्वळ ही केस असेल, तर निकाल लागून अपिलाची मुदत संपली की लग्न करून मोकळे व्हा. वरचे निम्मे कागद मग लागणारच नाहीत. तत्त्वाचं असेल तर त्याचा आदर आहे, पण मग निकालाच्या तारखेपासून सगळं उघड ठेवा. पत्ता, रेशनकार्ड, एकत्र खातं, सगळं. तुमची मोजणी खऱ्या अर्थाने त्या तारखेपासून सुरू होईल.

आणि मध्येच कधी हात उगारला किंवा घराबाहेर काढलं, तर वरची गुंतागुंत डोक्यात घेऊन गप्प बसू नका. मारहाण हा कुणालाही केली तरी गुन्हाच आहे, ११२ ला फोन करा. हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन घरगुती घटनेचा अहवालही करून घ्या. पुढे अर्ज टिकेल की नाही ते कोर्ट बघेल, घटनेची नोंद तरी त्याच दिवसाची राहील. वरपर्यंत जायची वेळ आलीच तर आता ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथेच आहे, मुंबईच्या फेऱ्या वाचल्या.

वकील मात्र स्वतःचा वेगळा करा. त्यांचे वकील कितीही घरच्यासारखे असले तरी ते त्यांच्या केसचे वकील आहेत. फी परवडत नसेल तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना चार वर्षांचा बँकेचा उतारा, फ्लॅटचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि त्यांच्या घटस्फोटाच्या केसचा नंबर एवढं सोबत न्या.