कोकोपीटमधल्या रोपांची टोकं करपतायत? खत थांबव, आधी निचऱ्याचं पाणी मोज

भावा, तुझे फोटो मोठे करून बघितले. कोल्हापुरात शाहूपुरीतला फ्लॅट, उत्तरेची खिडकी, रॅकवर एलईडी ट्यूब, खाली कोकोपीटमध्ये (नारळाच्या सोडणाचा भुसा) लावलेली बेसिल, पुदिना आणि मिरचीची रोपं. शेंडे लांबडे झालेत, कुंडीवर चिलटं उडतायत आणि पानांची टोकं तपकिरी पडलीत. तुझ्या पोस्टखाली सगळ्यांनी एकच लावलंय, खत कमी पडतंय, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) दे. आणि तू विचारलंयस की माती तपासायला देऊ का.

दोन्ही करू नकोस. निदान या आठवड्यात तरी नको.

तुझ्या तिसऱ्या फोटोत बेसिलचं पान आहे बघ. करपलेली रेघ टोकापासून सुरू होऊन दोन्ही कडांनी मागं सरकलीय, मधला भाग मात्र गडद हिरवा आहे. नत्र कमी पडलं असतं तर खालची जुनी पानं अख्खी पिवळी पडली असती. टोकं आणि कडा करपणं हे बहुतेक वेळा क्षार जास्त झाल्याचं लक्षण. मुळं ओल्यात असतात, पण भोवतीच्या पाण्यात क्षार इतके की पाणी ओढता येत नाही, आणि जे क्षार आत जातात ते पाण्याबरोबर पानाच्या कडेला जाऊन साठतात. अशा कुंडीत आणखी खत टाकलं की काय होतं ते मी बघितलंय. फोटोवरून बोलतोय, मी काही कृषी पदवीधर नाही, तेव्हा खाली सांगितलेलं मोजमाप करून मगच माझ्यावर विश्वास ठेव.

माती परीक्षणाचं सांगतो, कारण माझी सगळ्यात जास्त रोपं आणि सगळ्यात जास्त डोकं तिथंच गेलं. प्रयोगशाळेचं नाव घेत नाही. पिशवीत कुंडीतलं मिश्रण घेऊन गेलो. खिडकीवरच्या फॉर्मवर पहिला रकाना गट नंबर. म्हटलं, साहेब, शेत नाही, राजारामपुरीतला फ्लॅट आहे, कुंड्या आहेत. "काहीतरी नंबर टाका, त्याशिवाय कॉम्प्युटर पुढं जात नाही." क्षेत्राच्या रकान्यात शून्य चालत नव्हतं, म्हणून समोरच्या माणसानं स्वतःच्या हातानं ०.४० हेक्टर लिहिलं. फी घेतली, पावती दिली. कुंडीचं मिश्रण आम्ही तपासत नाही असं तेव्हा एका शब्दानं कुणी बोललं नाही. बोलले असते तर मी नमस्कार करून घरी आलो असतो.

रिपोर्ट आला तोवर निम्मी रोपं बसली होती. वर पिकाचं नाव छापलेलं: ऊस, आडसाली. बेसिलची पिशवी दिली होती मी! कोल्हापूर आहे म्हटल्यावर मशीनलासुद्धा उसाशिवाय काही सुचत नसावं. खाली शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश. आडसाली उसाला ती बरोबरच आहे, विद्यापीठाचीच शिफारस आहे ती. पण मी सहा इंची कुंडीला ४०० किलो कुठल्या हिशेबानं लावू? नत्रापुढं "कमी" असा शिक्का. आणि ज्या एका आकड्यासाठी मी गेलो होतो, क्षारता म्हणजे ईसी, तो रकाना कोरा. नुसती एक आडवी रेघ.

तो कागद घेऊन कृषी सेवा केंद्रात गेलो, दुकानदारानं "नत्र कमी" वाचलं आणि विद्राव्य खताचं पाकीट पुढं केलं. त्याचं काही चुकलं नाही, कागदावर तेच होतं. दोनदा खत दिल्यावर उरलेली रोपंही करपली. परत प्रयोगशाळेत विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "ईसीचं मशीन बंद होतं त्या वेळी. आणि कुंडीला कुठं माती परीक्षण लागतंय?" मग पावती कशाची फाडली, असं विचारल्यावर साहेब जेवायला गेले. तक्रारीचं पत्र दिलं, पोच मिळाली, पुढं काही नाही. जाऊदे. ज्याचं खरंच शेत आहे त्यानं माती परीक्षण जरूर करावं, ती पद्धत शेतासाठीच बनवलीय. शेतातल्या मातीसाठी ठरवलेली मापं कोकोपीटला लावून काही हाती लागत नाही, एवढंच म्हणणं आहे.

त्यापेक्षा टीडीएस पेन घे, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये दाखवणारा पेन. काहीशे रुपयांत मिळतो, आरओ फिल्टर बसवणाऱ्या पोराकडं असतोच. आधी नेहमीसारखं पाणी घाल. तासाभरानं कुंडी ताटलीवर उचलून ठेव आणि वरून कपभर साधं पाणी हळूहळू सोड. खालून जे पहिलं ठिबकेल ते वाटीत धर आणि त्यात पेन बुडव. मग नळाचं पाणीही मोज. दोन्ही आकडे लिहून ठेव. बेसिल, पुदिना असल्या झाडांना निचऱ्याचा आकडा हजार-बाराशे पीपीएमच्या वर गेला की मी खताला हात लावत नाही. पेन मुळात ईसी मोजतो आणि तिला गुणून पीपीएम दाखवतो; वेगवेगळ्या पेनांचा गुणाकार वेगळा असतो, स्वस्त पेन बहुतेक ०.५ चा असतो, म्हणजे १००० पीपीएम म्हणजे साधारण २ ईसी. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करताना हे बघून घे, नाहीतर उगाच भांडणं होतात.

क्षार येतात कुठून? तू लिहिलंयस की कोकोपीटची पाच किलोची वीट आणली, भिजवली आणि लगेच भरली. तिथंच पहिला संशय. नारळाची सोडणं किनाऱ्यालगत बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात कुजवतात, त्यामुळं न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम, पोटॅश आणि क्लोराइड ठासून भरलेलं असतं. पाकिटावर "लो ईसी" किंवा "वॉश्ड" लिहिलेलं नसेल तर ते धुतलेलं नाही असंच धरायचं. लिहिलेलं असलं तरी मी एकदा पेन घालून बघतो.

धुणं म्हणजे नुसतं भिजवणं नव्हे. मोठ्या टबात फुगवायचं, जुन्या साडीत किंवा कांद्याच्या गोणीत भरून पिळायचं, पुन्हा पाणी, पुन्हा पिळायचं. निघणाऱ्या पाण्याचा आकडा नळाच्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत हे चालू ठेवायचं. पहिलं पाणी चहासारखं लाल निघतं, रंगाला घाबरू नको, आकडा बघ. मग १० लिटर पाण्यात २० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात रात्रभर भिजत ठेवायचं आणि सकाळी निथळायचं. कोकोपीट सोडियम-पोटॅश धरून बसलेलं असतं, कॅल्शियम दिसलं की ते सोडून त्याला पकडतं. ही अदलाबदल टबातच उरकलेली बरी, नाहीतर ती कुंडीत होते आणि नवीन पानाच्या वाटणीचं कॅल्शियम कोकोपीट खातं. तुझ्या मिरचीची कोवळी पानं वाकडी दिसतायत ती कदाचित यामुळं. कदाचित म्हणतोय, कारण पानामागं थ्रिप्स (फुलकिडे) असले तरी मिरची अशीच बोकडते. भिंग लावून एकदा बघ. आणि कॅल्शियम नायट्रेट दुसऱ्या खताच्या घट्ट द्रावणात कालवू नको. सल्फेट किंवा फॉस्फेट असलं तर तळाला पांढरा गाळ बसतो, पैसे पाण्यात.

आता लावलेल्या रोपांचं काय, तर कुंडी मोरीत ठेवून तिच्या मापाच्या तिप्पट साधं पाणी सावकाश सोड, पूर्ण निथळू दे, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोज. करपलेला भाग हिरवा होणार नाही, नवीन पान कसं येतंय ते बघायचं.

पाणी कुठलं वापरतोस ते तू लिहिलेलं नाहीस. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं नळाला येत असेल तर काय विषय नाही. पण बऱ्याच अपार्टमेंटमध्ये टाकीत बोअरचं मिसळतात आणि ते जड असतं. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरत असेल तर वॉचमनला विचार, त्याला सगळं माहीत असतं. पावसाळ्यात छपराचं पाणी धरून ठेवलंस तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही, फक्त पहिल्या एक-दोन सरी जाऊ दे.

मिश्रणाबद्दल माझं मत ठाम आहे आणि त्यावर इथं बऱ्याच जणांशी वाजलंय. घरातल्या कुंडीत काळी माती नको. शेतात सोनं असेल, पण कुंडीत ती ओली असताना चिखल आणि वाळली की कडेनं भेगा. मग पाणी त्या भेगेतून सरळ ताटलीत उतरतं, मुळाला थेंब मिळत नाही. मी धुतलेलं कोकोपीट दोन भाग, गांडूळखत एक भाग आणि भाताचं तूस एक भाग घेतो. पर्लाइट (मिश्रण मोकळं ठेवणारे पांढरे हलके खडे) घेऊ नको असं नाही, पण आजरा, चंदगड, राधानगरीकडं कुणी ओळखीचं असेल तर भात गिरणीतून तुसाचं पोतं जवळपास फुकट येतं. गांडूळखत यापेक्षा वाढवू नको, त्यातही क्षार असतात. साखर कारखान्याच्या मळीचं खत स्वस्त पडतं म्हणून कुणी सुचवेल. गच्चीवर ठीक आहे, तेसुद्धा पूर्ण कुजलेलं असेल तर. बेडरूममध्ये आणलंस तर घरचे तुलाच बाहेर काढतील.

चिलटांचं कारण एकच, वरचा थर कायम ओला. त्यांच्या अळ्या त्याच थरात वाढतात. वार ठरवून पाणी घालणं सोड. पाणी घातल्यावर कुंडी उचलून वजन हाताला लक्षात ठेव, ती हलकी लागली की मगच घाल, आणि घालशील तेव्हा खालून निथळेपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं हवाच इतकी दमट असते की उन्हाळ्यात रोज पाणी मागणारी कुंडी आठवडाभर ओली राहते. बारका पंखा लाव, रोपांच्या अंगावर थेट नको, वरून वारा जाऊ दे. पिवळे चिकट सापळे कृषी सेवा केंद्रात मिळतात, पण ते फक्त उडणारी चिलटं धरतात, अळ्यांसाठी वरचा इंचभर थर सुकवायलाच लागतो. ताटलीतलं पाणी ओतून टाक. कुंडीच्या तळाला खडे घातल्यानं निचरा सुधारत नाही, उलट ओला थर तेवढा वर सरकतो. भोक मोकळं असलं की पुरे. आणि केळीच्या सालीचं पाणी, आंबट ताक, चहाचा चोथा असलं काही घरातल्या कुंडीत ओतू नको. चिलटांना जेवण होतं ते.

उजेडाचं थोडक्यात. उत्तरेची खिडकी बेसिलला पुरत नाही. आपल्या डोळ्याला खोली लख्ख वाटते, पण मोबाइलच्या लक्स मीटरवर (उजेड मोजणारं ॲप) तिथं हजार-दोन हजार दिसेल आणि बाहेर उन्हात लाखाच्या आसपास. पानांच्या उंचीवर १५ हजार लक्सच्या आसपास, १४ ते १६ तास, एवढं पांढऱ्या एलईडीखाली मिळालं की बेसिल बसकं आणि भरदार येतं. चार फूट लांब, एक फूट रुंद फळीवर २० वॅटच्या चार ट्यूब सहा-आठ इंचांवर लावल्या की तेवढा उजेड मिळतो. तुझी एकच ट्यूब दोन फुटांवर टांगलेली दिसतेय, शेंडे लांबणारच. चार ट्यूब १६ तास म्हणजे दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास, बिल धरून हिशेब कर. टायमर लाव. एक्स्टेंशन बोर्ड कुंड्यांच्या वर कुठंतरी अडकव, खाली ठेवू नको, वायरीवरून पाणी ओघळतं. मिरची मात्र ट्यूबखाली रोपापुरती ठीक. फळं धरायला तिला ऊनच लागतं, गच्चीची परवानगी काढ. ट्यूबखाली पिकवलेली मिरची लक्ष्मीपुरीच्या बाजारातल्या मिरचीपेक्षा महाग पडते, हे हौस म्हणून मान्य असेल तर गोष्ट वेगळी.

ऑनलाइन मिळणारे जांभळे दिवे घेऊ नको. पांढरा उजेड झाडाला चालतो, आणि जांभळ्यात पान आजारी आहे की बरं आहे हेच कळत नाही. दुसरं म्हणजे रात्री खिडकीतून तो रंग दिसला की सोसायटीत चौकशी सुरू होते. माझ्याकडं सेक्रेटरी स्वतः येऊन पुदिना बघून, चार काड्या घेऊन गेले. तुझ्या पोस्टखाली एकानं डोळा मारून "हेच सगळं त्या झाडाला पण चालतं का" असं विचारलंय, त्याला इथंच सांगतो: गांजाचं झाड लावणं हा १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम २० खाली गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. शेतात लाव नाहीतर फ्लॅटमध्ये, कायदा तोच. मला मेसेज करू नये.

तर तू आधी नळाच्या पाण्याचा आणि तिन्ही कुंड्यांच्या निचऱ्याचा आकडा टाक. मिरचीच्या पानामागचा एक फोटोही टाक, जवळून. पुदिन्याची मला काळजी वाटत नाही, तो कापून पाण्यात ठेवलास तरी मुळं फोडतो, तेव्हा दोन काड्या आजच ग्लासात घालून ठेव. खताचं पाकीट आणलं असशील आणि फोडलं नसशील तर पावतीसकट परत दे, आपल्याकडचे दुकानदार बहुतेक घेतात.