बॉम्ब पडूनही इंग्लंडचे लढाऊ विमानतळ चालू कसे राहिले?

१९४० मध्ये जर्मनांनी इंग्लंडच्या लढाऊ विमानांच्या तळांवर एवढे बॉम्ब टाकले, तरी धावपट्ट्या उखडून ते बंद कसे पडले नाहीत, असं तुम्ही विचारलंय.

मुळात बऱ्याच तळांना पक्की धावपट्टीच नव्हती. लंडनच्या पूर्वेचं हॉर्नचर्च म्हणजे गवताचं मोठं मैदान. स्पिटफायर, हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानांना तेवढं पुरायचं. खड्डा पडला की माती-दगड टाकून बुजवायचा, तोवर मैदानाची दुसरी बाजू वापरायची. ३१ ऑगस्टला तिथे ५४ व्या स्क्वाड्रनची तीन विमानं उड्डाण घेत असतानाच बॉम्ब पडले. न्यूझीलंडच्या अ‍ॅल डिअरचं विमान उलटं होऊन घासत गेलं. तरीही तिघे वैमानिक वाचले.

खरी नाजूक जागा होती टेलिफोनच्या तारा. रडारची खबर लढाऊ विमानांच्या मुख्यालयातून, म्हणजे बेंटली प्रायरीहून, ११ व्या ग्रुपच्या अक्सब्रिजच्या मुख्यालयाला आणि तिथून सेक्टरच्या तळांवर, म्हणजे आपापल्या भागातल्या विमानांचं नियंत्रण करणाऱ्या तळांवर, फोननेच यायची. आग्नेय इंग्लंड सांभाळणाऱ्या ११ व्या ग्रुपकडे असे सातच तळ होते. तिथल्या ऑपरेशन्स रूममध्ये मोठ्या नकाशाभोवती हवाईदलातल्या मुली कानाला हेडफोन लावून उभ्या असत आणि लांब काठीने विमानांच्या जागा दाखवणाऱ्या सोंगट्या सरकवत. भिंतीवरच्या घड्याळात दर पाच मिनिटांच्या पट्ट्याला लाल, पिवळा किंवा निळा रंग असे. खबर ज्या पट्ट्यात आली, त्याच रंगाची सोंगटी ठेवायची. खबर ताजी की शिळी, हे विमानांना हुकूम देणाऱ्या कंट्रोलरला नुसत्या नजरेने कळे. मला या सगळ्या यंत्रणेत ही युक्ती सगळ्यात आवडते.

आता ही खोली कुठे होती? त्या सातांपैकीच एक असलेल्या बिगिन हिलला ती जमिनीवरच्या साध्या इमारतीत होती! ३० ऑगस्टच्या संध्याकाळी मोजक्या विमानांनी खालून येऊन केलेल्या हल्ल्यात तिथे ३९ माणसं गेली. वीज, पाणी, फोन सगळं तुटलं आणि तिथल्या स्क्वाड्रनचं नियंत्रण काही काळ हॉर्नचर्चने सांभाळलं. लागोपाठच्या हल्ल्यांत ऑपरेशन्स रूमवरच बॉम्ब पडला, तेव्हा तिथे काम करणाऱ्या हेलन टर्नर आणि एल्स्पेथ हेंडरसन फोनवरून हलल्या नाहीत. दोघींना मिलिटरी मेडल हे शौर्यपदक मिळालं. काम गावातल्या एका दुकानात हलवलं गेलं आणि पोस्ट खात्याच्या माणसांनी तारा जोडून दिल्या. वैमानिकांची नावं सगळ्यांना पाठ असतात, या तारा जोडणाऱ्यांची कुणालाच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

तीच गोष्ट जमिनीवरच्या मेकॅनिकांची. स्पिटफायरच्या पंखांत आठ ब्राउनिंग मशीनगन, प्रत्येकीला ३०० गोळ्या. सलग झाडल्या तर जेमतेम पंधरा सेकंदांत संपायच्या. नळ्यांच्या तोंडांवर लाल कापडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असत. विमान उतरताना त्या फाटलेल्या दिसल्या, म्हणजे गोळ्या झाडल्या गेल्यात हे कळलं, की आर्मरर, म्हणजे शस्त्रं सांभाळणारे, काडतुसांचे पट्टे घेऊन धावत सुटायचे. पंखाखाली उताणं पडून ते गोळ्या भरत, तेवढ्यात बाकीचे पेट्रोल आणि ऑक्सिजन बघत, कारण पुढचं बोलावणं कधीही येई.