विमानातल्या स्क्रीनच्या बॅकअपला यूपीएसमधली ७ एएचची बॅटरी चालेल का?

तुम्ही विचारलंय की घरी विमान बांधतोय, पॅनेलमध्ये दोन डिजिटल स्क्रीन, रेडिओ आणि ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) आहे, उडताना अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) गेला तर कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे अँपिअर गुणिले तास) बॅटरी पुरेल का.

आधीच सांगतो, मी विमानवाला नाही. बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवतो. पण माझा मामेभाऊ कॅनडात गॅरेजमध्ये दोन सीटचं किट विमान बांधतोय आणि त्याच्या वायरिंगचे कागद रात्री दहानंतर व्हिडिओ कॉलवर माझ्यापुढे येतात, त्यामुळे या विषयात दोन वर्षं डोकं घालून बसलोय. तुमचं ड्रॉइंग शेवटी तुमच्या इन्स्पेक्टरला दाखवाच.

बॅटरीचा हिशोब सोपा आहे. एक स्क्रीन बंद करायची, उरलेली साधारण दीड अँपिअर खाते, रेडिओ नुसता ऐकताना अर्धा (बोलताना दोनच्या वर जातो), ट्रान्सपाँडर एक, किरकोळ अर्धा, झाले साडेतीन. कागदावर ७ ला ३.५ ने भागलं की दोन तास, आणि इथेच सगळे फसतात, कारण लेड अ‍ॅसिडवरचा ७ एएच हा आकडा वीस तासांत हळूहळू रिकामी केली तरचा, म्हणजे ०.३५ अँपिअरने. साडेतीनने ओढलीत तर नवी बॅटरी सव्वा तासाच्या आसपास देते, आणि दोन उन्हाळे खाल्लेली निम्मीच देईल असं धरून चाला. २५ डिग्रीच्या वर दर आठ-दहा डिग्रीला हिचं आयुष्य अर्धं होतं, म्हणून फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत) इंजिनकडच्या बाजूला तर ठेवूच नका. अमेरिकेत फॅक्टरीतल्या छोट्या विमानांना जनरेटर गेल्यावर बॅटरीने गरजेच्या वस्तू निदान ३० मिनिटं चालवाव्यात असा नियम होता. मला विचाराल तर टाकीत पेट्रोल असेपर्यंत स्क्रीन जगली पाहिजे.

पण खरं सांगू, तुमचा प्रश्नच मला जरा बाजूला गेल्यासारखा वाटतो, बॅटरी किती मोठी हे नंतर, आधी करंट कुठल्या वाटेने येतो ते कागदावर बोटाने फिरवून बघा. मी एका हॉस्पिटलात गेलो होतो, दोन फीडर, जनरेटर, यूपीएस सगळं थाटात, आणि सगळं जात होतं एकाच चेंजओव्हर स्विचमधून. त्याचा एक कॉन्टॅक्ट जळला आणि अख्खा मजला अंधारात, यूपीएस बिचारा फुल चार्ज! मामेभावाच्या पहिल्या ड्रॉइंगमध्येही तेच, दोन बॅटऱ्या, दोन स्विच, आणि दोघींची निगेटिव्ह एकाच बोल्टवर. तो नट ढिला झाला की दोन्ही गेल्या. फायबरची बॉडी असेल तर परतीची वाट बॉडीतून मिळत नाही, तिथे निगेटिव्हची वायरही तेवढ्याच काळजीने टाकावी लागते.

काही स्क्रीनना दोन पॉवर इनपुट असतात, तुमच्या असतील तर सोन्याहून पिवळं, एकावर मेन बस (जिथून सगळ्यांना वीज वाटली जाते ती मुख्य पट्टी), दुसऱ्यावर बॅकअप. नसतील तर दोन्हीकडून शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेला जाऊ देणारा) लावून जोडा म्हणजे एक बॅटरी बसली तरी ती दुसरीला ओढत नाही. ०.४ व्होल्ट जातात, जाऊ देत. बॅकअपचा स्विच मेन मास्टरवर (सगळी वीज बंद करणारा मुख्य स्विच) अवलंबून नको, कारण कॉकपिटमध्ये जळका वास आला तर पहिलं काम मास्टर बंद करणं आणि तेव्हाच स्क्रीन हवी असते. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळ घाला, स्क्रीनजवळ नाही, तो वायरला वाचवायला असतो. अशा वेगळ्या बॅकअपचा एक फुकटचा फायदा, स्टार्टर मारताना बस नऊ व्होल्टच्या खाली आली तरी स्क्रीन रीबूट होत नाही.

आणि बस १३ व्होल्टच्या खाली आली की पेटणारा लाल दिवा लावाच लावा. अल्टरनेटर चालू असताना बस चौदाच्या आसपास असते, नुसत्या बॅटरीवर पावणेतेराच्या खाली, म्हणजे १३ च्या खाली येऊन दिवा लागला की अल्टरनेटर गेला हे लगेच कळतं. दिवा नसेल तर रेडिओ खरखरायला लागेपर्यंत तुम्ही आपले मजेत आणि तोवर मेन बॅटरी अर्धी संपलेली.

लिथियम आयर्न फॉस्फेट हलकी आहे, मलाही मोह होतो. पण तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतो म्हणून मीटर बघून काही कळत नाही, आणि आतलं सर्किट पुरवठा एकदम तोडून टाकतं. लेड अ‍ॅसिड निदान रडत रडत जाते.

काहीही घ्या, दरवर्षी एकदा पूर्ण चार्ज करून कारचा ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब जोडायचा, तो साधारण साडेचार अँपिअर खातो, आणि साडेदहा व्होल्टला येईपर्यंत घड्याळ लावायचं. मामेभावाची १४ महिन्यांची बॅटरी २५ मिनिटांत बसली, तोपर्यंत तो "दादा, व्होल्टेज तर १२.७ दाखवतंय" म्हणत होता.

इंजिन कोणतं ते लिहा. मॅग्नेटोवालं (ठिणगीची वीज स्वतःच बनवणारं) किंवा साधं रोटॅक्स ९१२ असेल तर बॅटरीशिवायही फिरत राहतं, पण इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं असेल तर वरचा साडेतीन अँपिअरचा हिशोब फाडून टाका, तिथे इंजिनच विजेवर आहे.