नंबर जवळ आला की चहा ठेवायला उठणाऱ्या बाई

"चारचौघांत मोठ्याने प्रार्थना करायची म्हटली की घशाला कोरड पडते. माझा विश्वासच कमी आहे का?" ख्रिस्ती कुटुंबांतून येणारा हा नेहमीचा प्रश्न. घणसोलीच्या एका बाईंची हकीकत सांगते, म्हणजे उत्तर सोपं होईल. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.

बाई वागळे इस्टेटमध्ये अकाउंट्स बघतात. माहेर संगमनेरकडचं, सासरे निवृत्त पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. दर शुक्रवारी चर्चच्या मंडळीतल्या कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. गीत, शास्त्रवाचन आणि मग एकेकाची प्रार्थना. आपला नंबर दोन माणसांवर आला की या उठून स्वयंपाकघरात. दुसऱ्याच्या घरीसुद्धा! घरच्या बाई खूश, "किती कामसू हो तुमची सून."

हे वर्षानुवर्षं चाललं असतं. पण सासरे आजारी पडले, आणि दवाखान्यात त्यांनी हिलाच म्हटलं, "बाळा, तू प्रार्थना कर." हिच्या तोंडून निघालं, "पप्पा, तुम्हीच करा ना." सलाइन लावलेल्या माणसाने स्वतःसाठी प्रार्थना केली. त्यानंतर त्या समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या.

"एकट्या असताना प्रार्थना करता?"

"रोज. सकाळच्या गाडीत, मनातल्या मनात. ऐरोली गेलं की आमेन."

म्हणजे विश्वासाचा प्रश्न तिथेच मिटला. पुढे कळलं की त्या संडे स्कूल घेतात, मुलांसमोर बिनधास्त मोठ्याने प्रार्थना करतात, आणि ऑडिटरशी तर भांडतातसुद्धा. बोलण्याची भीती नव्हतीच. भीती होती ती पप्पांच्या शेजारी बसून बोलण्याची. पप्पा "हे सर्वसमर्थ, कृपाळू पित्या" म्हणून सुरू करत आणि बायबलच्या वचनांवर वचनं गुंफत दहा मिनिटं थांबत नसत. बाईंचे डोळे मिटलेले असत, पण लक्ष देवाकडे नसे. खोलीतले लोक आपल्याला किती मार्क देतील, याचा हिशोब चाले.

यात चहाचा वाटा मोठा. उठल्याबरोबर सुटल्यासारखं वाटतं, आणि मन धडा घेतं की उठलो म्हणून वाचलो. पुढच्या शुक्रवारी भीती आणखी वाढलेली. टाळण्याने भीती जगते, हे चिंतेवरच्या उपचारातलं मूळ सूत्र आहे.

"आवाज कापतो, सगळ्यांना कळतं," हे त्यांचं ठाम मत. मी मोबाइलवर त्यांची चार वाक्यांची प्रार्थना रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवली. "एवढंच कापतो?" त्या म्हणाल्या. आपली धडधड आपल्याला आतून ऐकू येते, समोरच्याला त्यातलं फार थोडं दिसतं. मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगांतूनही दाखवलं आहे.

अपराधीपणाचं उत्तर त्यांच्याच बायबलमध्ये होतं. शमुवेलाची आई हन्ना मंदिरात प्रार्थना करते तेव्हा फक्त ओठ हलतात, आवाज नाही. एली याजकाला वाटतं, ही प्यायली आहे. तरी तिचं ऐकलं गेलं. मोशेने तर देवालाच सांगितलं की मला बोलता येत नाही. आणि लूकच्या अठराव्या अध्यायातला जकातदार एका वाक्यात प्रार्थना संपवतो. हे सगळं त्या मुलांना शिकवत होत्या, स्वतःला मात्र लागू करत नव्हत्या.

मग कामाला लागलो. आधी दार लावून एकटीने मोठ्याने. मग नवऱ्याबरोबर, रात्री जेवणाआधी. मग सभेत, पण फक्त एक माणूस आणि त्याची एक गरज, बस्स. चिठ्ठी चालेल, पाठांतर नको. आणि नंबर पहिल्या दोघांत मागून घ्यायचा, कारण वाट बघण्यातच निम्मी भीती शिजते. मंडळीच्या सध्याच्या पाळकसाहेबांशीही त्या बोलल्या. आता ज्याला बोलायचं नसेल तो नुसतं "आमेन" म्हणतो आणि पुढचा सुरू करतो. प्रत्येक मंडळीने हे करावं असं माझं मत आहे; वर्तुळात बसवून माणसाला कोंडीत पकडणं बरं नव्हे.

मध्ये एका शुक्रवारी पुन्हा चहा झालाच. पण नंतर घरी पप्पांसमोर त्यांनी प्रार्थना केली: "देवबापा, पप्पांच्या गुडघ्याला आराम दे, आणि गोळ्या वेळेवर घ्यायची बुद्धी दे. आमेन." पप्पा हसले आणि निमूटपणे गोळी घेतली म्हणे.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. फोन, मुलाखत, लोकांत जेवणं अशा सगळ्याचीच धास्ती असेल आणि ती सहा महिन्यांहून जास्त टिकली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

महिला मंडळाने अलीकडे त्यांना जागतिक प्रार्थना दिनाची उपासना चालवायला सांगितलं. त्या नाही म्हणाल्या. मी विचारलं, हा पुन्हा चहा तर नाही ना? "नाही हो," त्या म्हणाल्या, "तो दिवस मार्चच्या पहिल्या शुक्रवारी असतो. मार्चमध्ये अकाउंट्सवाल्या बाईला असलं काही विचारतात का?"