पावडर बदलण्याआधी निघालेला पापुद्रा उलटा करून बघा

साखर कारखान्यातल्या रस पंपाच्या ईएन-८ (मध्यम कार्बनचं स्टील) स्लीव्हवर, म्हणजे शाफ्टवरच्या नळीवर, क्रोमियम ऑक्साइडची पावडर प्लाझ्माने वितळवून फवारायचं कोटिंग केलं, गळीत सुरू होऊन वीस दिवसांत ते सोललं, आता पावडर कुठली घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. दादा, पावडर राहू द्या.

पापुद्रा उलटा करा. मागे राखाडी धातूचा थर, म्हणजे स्टील आणि वरचा थर जोडणारा निकेल-ॲल्युमिनियमचा बाँड कोट, चिकटून आला असेल आणि खाली स्टील उघडं पडलं असेल, तर ब्लास्टिंगकडे (कोटिंगआधी हवेच्या जोरावर दाणे मारून पृष्ठभाग खरबरीत करणं) घोळ आहे. बाँड कोट जागेवर आणि नुसता क्रोमियम ऑक्साइडचा काळा थर निघाला, तर तो जाड झालाय किंवा मारताना जॉब, म्हणजे कोट करायचा भाग, तापलाय (१५० अंशांच्या आत हवा). तुमच्या फोटोत स्टीलवर तांबूस झाक आहे. हातात घेऊन पाहिलेलं नाही, पण मला तो गंजच वाटतो.

हे कोटिंग वेल्डसारखं एकजीव होत नाही. वितळलेले कण खरबरीत पृष्ठभागावर आपटून चपटे होतात, आकसताना खाचा धरून बसतात. त्या खाचांवर गंजाची झिल्ली आली की पकड संपली. आपल्याकडे कारखान्यांचं ओव्हरहॉलिंग नेमकं पावसाळ्यात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जुलैची हवा काय असते ते सांगायला नको. संध्याकाळी ब्लास्ट करून सकाळी स्प्रे मारायचा, हाच तो घात. एरवी दोन तास चालतात. पावसात अर्धा तास, तोही हातमोजे घालून. उशीर झाला तर पुन्हा ब्लास्ट, नुसतं पुसून भागत नाही.

ब्लास्टिंगच्या हवेसमोर मिनिटभर पांढरं फडकं धरा. तेला-पाण्याचा डाग पडला तर आधी कॉम्प्रेसर बघा. स्प्रेआधी ८०-१०० अंश तापवा, पण गॅसच्या ज्योतीने नको; थंड जॉबवर तिचंच पाणी धरतं. पावडर बंद ठेवून प्लाझ्मा गनच फिरवा.

आम्हाला सर्वात महागात पडला तो कागद. सर्टिफिकेटवर जाडी बरोबर, हार्डनेस बरोबर, म्हणून एका ऑफिसने तक्रार फेटाळली आणि दोष फिटिंगवर ढकलला. पकडीची चाचणी कुणी मागितलीच नव्हती! ऑर्डरमध्येच लिहून घ्या: त्याच ब्लास्टिंगमध्ये, त्याच वेळी २५ मिमीचे नमुने कोट करायचे आणि ओढून तोडून पकड किती जोराला सुटली तो आकडा द्यायचा. कुरकुर करतील, करू देत.

आणि हो, ग्राइंडिंगआधी सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारं द्रव, विसरू नका. कोटिंगला छिद्रं असतातच, उसाचा रस आंबट, तो झिरपून बाँड कोट खातो. ग्राइंडिंग डायमंड व्हीलनेच, भरपूर कूलंट सोडून.